काम खाली ठेवायची सोय

गटाची सचिव कोण होणार हा विषय निघाला की सगळ्याजणी माना खाली घालतात. मीही घातली होती. म्हणून आज एका वेगळ्याच गटाचा इतिहास सांगते. हा गट संगणकाचं काम करतो, पगार कुणालाच देत नाही आणि त्याचे सभासद जगभर पसरलेत.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयान मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये ‘डेबियन’ सुरू केलं. संगणक चालवणारी मूळ प्रणाली कुणालाही फुकट मिळावी, उघडून बघता यावी, दुरुस्त करता यावी, म्हणून. नाव अगदी घरगुती: डेब्रा ही त्यांची मैत्रीण, पुढे पत्नी, आणि इयान ते स्वतः.

काम त्यांनी वाटून दिलं. एकेका प्रोग्रामचं एकेक पॅकेज आणि त्यावर सांभाळणाऱ्याचं नाव. १९९६ मध्ये त्यांनी प्रमुखपदही दुसऱ्याकडे सोपवलं. त्या वर्षी पॅकेजेस होती ४७४. दोन वर्षांत ती पंधराशेवर गेली आणि माणसं चारशेवर. एवढ्यांचा कारभार तोंडी कसा चालणार? डिसेंबर १९९८ मध्ये त्यांनी घटना मंजूर केली. प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडायचा, मतदानाचं काम सचिवाने बघायचं, कामातला वाद एका समितीने सोडवायचा. प्रमुखाचा निर्णय सभासद मतदानाने फिरवू शकतात. निवडणुकीत ‘यांपैकी कुणीच नको’ असंही मत देता येतं! आणि काम करायची सक्ती कुणावरच नाही; फक्त ठरलेल्या नियमांच्या आड यायचं नाही.

मला सगळ्यात आवडली ती काम सोडायची रीत. आधी सांगायचं, ‘मदत हवी.’ मग, ‘कुणी घेतं का? तोवर मी बघतो.’ शेवटी, ‘मी सोडलं.’ अशा सोडलेल्या पॅकेजला ते ‘अनाथ’ म्हणतात. त्याची यादी सगळ्यांसमोर असते, ज्याला जमेल तो ते दत्तक घेतो. न सांगता गप्प होणारे तिथेही असतात. त्यांना पत्र पाठवून विचारपूस करायलाही माणसं ठेवलीत.

आमच्या गटात अशी रीत नव्हती. सचिव ताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोंदवही चार महिने त्यांच्या पेटीतच राहिली. हप्ते आम्ही सुट्या कागदांवर लिहीत होतो. ताई लाजेने बोलल्या नाहीत, आम्ही भिडेने विचारलं नाही. हिशेब जुळेना, बँकेचं पुढचं कर्ज लांबलं. तेव्हा मात्र सगळ्याजणी त्यांच्यावर तुटून पडलो. त्यात माझाच आवाज मोठा होता.

आता हजेरी झाली की मी विचारते, “कुणाला काय जड जातंय?” पहिल्या महिन्यात सगळ्या गप्प. दुसऱ्या महिन्यात खजिनदार मावशी म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत मी बघते गं, पुढं कुणीतरी घ्या.” त्यांच्या शेजारची सून दर सोमवारी पासबुक घेऊन त्यांच्याबरोबर बँकेत जाते. पैसे भरायची स्लिप ती आता स्वतः लिहिते.