भिंतीवरच्या चित्राखाली नाव कुणाचं?

तालुक्यातली कुठलीही सरकारी भिंत बघा. अंगणवाडी, शाळा, ग्रामपंचायतीचं कुंपण. गेरूचा पट्टा आणि त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची माणसं. वणीहून सापुताऱ्याच्या रस्त्याला लागा नाहीतर पिंपळगावकडे जा, ही माणसं भेटतातच. हे काम करणाऱ्या एका रंगाऱ्याला मी विचारलं, कुठं शिकलास? म्हणाला, "मोबाइलमध्ये बघून. एक गोल, दोन त्रिकोण, झालं."

त्याचा काही दोष नाही, त्याला चौरस फुटावर पैसे मिळतात. पण हे त्रिकोण भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर कसे गेले, ते आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून आज जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल लिहितोय.

जिव्यांचा जन्म 1930च्या दशकातला, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. आपल्या मराठी वाचकाला तलासरी माहीत आहे ती गोदावरी परुळेकरांमुळे. 1945 साली वेठबिगारीविरुद्ध वारली उठले तो हाच मुलूख. 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं असेल तर जिव्या कोणत्या दिवसांत लहानाचे मोठे झाले ते वेगळं सांगायला नको. लहानपणीच आई गेली. त्या धक्क्याने पोराचं बोलणंच बंद झालं. काही सांगायचं असलं की मातीत बोटानं रेघोट्या काढायचा. पुढे डहाणूजवळच्या गंजाड गावातल्या कळंबीपाड्यावर राहायला आला आणि जन्मभर तिथलाच झाला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या काळी वारल्यांमध्ये चित्र काढणं हे पुरुषाचं काम नव्हतंच. ते बायकांचं, त्यातही सुवासिनींचं. लग्न ठरलं की घरातली कुडाची भिंत शेणामातीनं सारवायची, गेरूनं लाल करायची. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे आणि बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा. मग सुवासिनी चौक लिहायला बसणार. लिहायला म्हणतो मी मुद्दाम, कारण ती नुसती सजावट नव्हे. मधोमध पालघाट देवी, तिच्याभोवती चौकोनी किनार, साखळीची नक्षी, आत फणी आणि शिडी, बाजूला पंचशिऱ्या देव. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावणार कोण? धवलेरी, म्हणजे तीही बाईच. तिची गाणी हेच मंत्र.

शिकवणी वेगळी नव्हती. थोरल्या बाईशेजारी धाकटीनं बसायचं, तिच्या हाताकडे बघायचं, कोपऱ्यातली नक्षी भरायची. असं चार-पाच लग्नांत हात बसायचा. लग्न उरकलं की भिंत काळवंडायची, पुढच्या लग्नाला पुन्हा सारवायची. खाली सही नाही, कारण सहीचा प्रश्नच नव्हता.

जिव्या हे सगळं बघत बघत शिकले. त्यांचे गुरू कोण म्हणाल, तर पाड्यावरच्या ह्या बायका. फरक एवढाच, की हा माणूस लग्न असो-नसो, रोज काढत बसायचा. एका गड्यानं असं करणं त्या काळी चमत्कारिकच दिसत असणार.

मग 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिथं पोचले. हा आपला मराठी चित्रकार, आणि त्याच्यावर मराठीत पुरेसं लिहिलं गेलेलं नाही ही माझी जुनी तक्रार आहे. बिहारमध्ये 1966-67 साली दुष्काळ पडला तेव्हा पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून हाच माणूस मिथिलेत गेला होता. तिथल्या बायकांना कागद देऊन, भिंतीवर काढता ते ह्यावर काढा, म्हणाला. मधुबनी चित्रं बाजारात आली ती तिथून. डहाणूकडेही त्यानं तेच केलं, पण इथं त्याला बायकांबरोबर जिव्या सापडले. 1975 साली मुंबईत, जहांगीरमधल्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांचं प्रदर्शन झालं. 1976 ला राष्ट्रीय पुरस्कार. पुढं 1989 ला पॅरिसच्या पोंपिदू केंद्राच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, 2003 ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग ह्या इंग्रज कलावंताबरोबर दोघांचं मिळून प्रदर्शन लागलं. 2002 ला शिल्पगुरू, 2009 ला नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, 2011 ला पद्मश्री. आणि राहायला शेवटपर्यंत पाड्यावरच.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र कुठं मिळालं तर जरूर बघा. चित्रभर नुसतं जाळं पसरलेलं, बारीक बारीक रेघांचं, आणि त्यात मासे. लांबून बघितलं तर हलतंय असं वाटतं. दोन त्रिकोण जोडले की वारली झालं, असं समजणाऱ्यानं ते एकदा समोर ठेवून नक्कल करून बघावी. अर्ध्या तासात हात टेकेल.

शिकवायचं तर त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. सदाशिव आणि बाळू ही दोन्ही मुलं नावाजलेले चित्रकार झाली. मागोमाग डहाणू-तलासरीकडची कितीतरी पोरं काढायला लागली. मजुरीशिवाय चार पैसे घरात येण्याचा हा नवा रस्ता होता, आणि तो जिव्यांनी करून दिला.

काही अभ्यासू मंडळी म्हणतात, जिव्यांमुळे चौकातला देव गेला आणि बाजार आला. मला हे अर्धंच पटतं. पोट भरलेल्यानं दुसऱ्याला 'तू परंपरा सांभाळ' म्हणणं सोपं असतं. पण एक सल मात्र खरीच आहे. पुरस्कार द्यायचा तर नाव लागतं आणि चौकाला नाव नव्हतं. शिकवणी बायकांकडून पुरुषांकडे आली, आणि ज्या हातांनी जिव्यांना शिकवलं त्यातलं एकही नाव कुठल्या यादीत नाही. बायका आजही चित्रं काढतात, पण नावाजलेल्यांत पुरुषच जास्त.

2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण ते बाजारात 'वारली' नाव लावून माल विकणाऱ्यासाठी. शाळेच्या भिंतीवर कोण रंगवतो, त्याला ते थोडंच विचारणार? जिव्यांनी एका वारल्याचं नाव जगाच्या भिंतीवर नेलं, आणि आपण आपल्या भिंतींवर ते पुन्हा बिननावाचं करून टाकलंय. तेही कुठं? तर पेठ-सुरगाण्याचे वारली ज्या रस्त्यानं बाजाराला आणि गडावर येतात, त्याच रस्त्यावर.

15 मे 2018 ला जिव्या गेले.

भिंती रंगवायचा खर्च गावाच्या पैशातूनच होतो. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत दोन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. रंगवायचं काम वारली चित्रकाराला, जमलं तर एखाद्या बाईला देता येईल का? आणि ज्याच्या-तिच्या हातचं चित्र असेल, त्याचं नाव भिंतीच्या कोपऱ्यात लिहायला किती रंग लागतो? ठेकेदाराचं नाव आणि रक्कम तर आपण फलकावर लिहितोच. मी विचारणार आहे. बरोबर आणखी चार जण उभे राहिले तर बरं होईल.