हुजूर पक्ष, कोळसा आणि हवा



गिरणीकामगाराच्या पोराने ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या सत्कृत्यांवर बोलायला उभे राहावे, याची आमच्या युनियनच्या कचेरीत आठवडाभर थट्टा चालली होती. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपल्याकडील जुन्या पत्रकारांनी 'हुजूर पक्ष' म्हटले. हे नाव इतके नेमके बसले आहे की मला दुसरे वापरवत नाही. हा पक्ष मालकांचा, हे माझे मत तीस वर्षांच्या कामगार-चळवळीत बदललेले नाही. तथापि धूर, वीज आणि हवामान यांचा इतिहास वाचताना जेथे आमच्या बाजूची माणसे दिसतील अशी माझी समजूत होती, तेथे दोनतीनदा हुजूर पक्षाची माणसे उभी दिसली. ती तेथे कशी आली, आणि तेथपर्यंत येण्याचा खर्च त्यांनी कोणाकडून वसूल केला, एवढाच आजचा विषय आहे.

आरंभ धुरापासून करतो. १९५२ च्या डिसेंबरात, ५ तारखेपासून ९ पर्यंत, लंडनवर धुके आणि कोळशाचा धूर एकजीव होऊन बसला. हात लांब केला तर बोटे दिसत नव्हती. सुमारे चार हजार माणसे दगावली असा त्या वेळचा हिशेब होता; पुढे संशोधकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. राज्य चर्चिलसाहेबांच्या हुजूर पक्षाचे होते. सरकारला प्रथम काही करायचे नव्हते. गृहनिर्माण खात्याचे मंत्री हॅरल्ड मॅकमिलन यांना नवा कायदा नकोसा होता आणि पुढच्या महिन्यांतील मृत्यूंचे खापर सरकारने इन्फ्लुएन्झावर फोडले. अखेर बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्या शिफारशी रेंगाळू लागल्या तेव्हा हुजूर पक्षाच्याच जेराल्ड नाबारो नावाच्या सभासदाने खाजगी विधेयक आणून स्वतःच्या सरकारला पेचात पकडले. त्यातून १९५६ चा 'क्लीन एअर अ‍ॅक्ट' झाला.

या कायद्यातील एका कलमापाशी मी थांबणार आहे, कारण पुढील सारी गोष्ट मी त्याच्याच मापाने मोजतो. लंडनचा धूर केवळ कारखान्यांचा नव्हता. घराघरांतल्या शेगडीचाही होता. कामगाराच्या दोन खोल्यांत थंडीच्या दिवसांत तीच एक ऊब. ती विझवा म्हणून सांगणे सोपे. पण कायद्याने धूरबंदीचे विभाग ठरवले आणि त्या विभागातील घरमालकाला वा भाडेकरूला शेगडी बदलण्यासाठी जो योग्य खर्च येईल, त्याचा दहातला सात हिस्सा सार्वजनिक तिजोरीतून परत देण्याची तरतूद केली. सगळ्यांची हवा स्वच्छ व्हायची, तर खर्चही सगळ्यांनी मिळून करायचा. हे कलम मजूर पक्षाने आणले असते तर आम्ही त्याची पत्रके वाटली असती. आणले हुजूर पक्षाने, म्हणून ते लहान होत नाही.

आता थॅचरबाई. ग्रँथम गावच्या वाण्याची ही मुलगी ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकली; डोरोथी हॉजकिन या पुढे नोबेल मिळवणाऱ्या विदुषी तिच्या शिक्षिका. विज्ञानाची पदवी घेतलेली ही ब्रिटनची पहिली पंतप्रधान, हे ध्यानात ठेवावे. आणखीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७४ साली खाणकामगारांच्या संपापुढे हीथ यांच्या हुजूर सरकारला कारखान्यांचा आठवडा तीन दिवसांवर आणावा लागला होता. 'राज्य कोणाचे?' असे विचारत हीथ निवडणुकीला गेले आणि खुर्ची गमावून बसले. ती जखम पक्ष विसरला नाही. निकोलस रिडली यांनी विरोधी पक्षात असतानाच एक टिपण तयार केले: विजेच्या केंद्रांवर कोळशाचे डोंगर साठवा, परदेशी कोळसा उतरवण्याची सोय करा, युनियनमध्ये नसलेले लॉरीचालक हाताशी ठेवा, केंद्रे तेलावरही चालतील अशी करा. १९७८ साली हे टिपण फुटून छापले गेले. युनियनच्या नेत्यांनी ते वाचले असावे. त्यातून धडा मात्र घेतला नाही, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

१९८४ च्या मार्चमध्ये यॉर्कशायरातील कॉर्टनवुडची खाण बंद होणार ही बातमी आली. पाठोपाठ वीस खाणी आणि वीस हजार नोकऱ्या जाणार असे जाहीर झाले आणि संप पेटला. सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे बाहेर पडली. आर्थर स्कारगिल यांनी देशव्यापी मतदान घेतले नाही. नॉटिंगहॅमशायरचे बहुतेक खाणकामगार कामावर जात राहिले. १८ जूनला ऑरग्रीव्ह येथे घोडेस्वार पोलिसांनी कामगारांना पिटले. कोळशाचे साठे पुरले, तेलही जाळले गेले, आणि ३ मार्च १९८५ रोजी काहीही पदरात न पडता संप मागे घेतला गेला. झेंडे आणि वाजंत्री घेऊन माणसे खाणीवर परतली, तसबिरी मी पाहिल्या आहेत.

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वडील साच्यावर होते. अडीच लाख माणसे बाहेर पडली आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही. तो विरत गेला. आमच्याकडे वाजंत्री नव्हती. आई पहाटे पोळ्या लाटायला जाऊ लागली, एवढीच मला त्या संपाची तारीख ठाऊक. त्यामुळे यॉर्कशायरच्या त्या तसबिरी मला परक्या वाटल्या नाहीत, आणि मी या प्रकरणात तिऱ्हाईत नाही हे श्रोत्यांनी लक्षात घ्यावे.

संप मोडून साडेतीन वर्षे झाली. २७ सप्टेंबर १९८८ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे थॅचरबाई बोलल्या. कारखानदारी आणि शेतीमुळे वातावरणात कर्बवायू साठत आहे, पृथ्वीची उष्णता वाढू शकते, आपण नकळत या ग्रहाच्या यंत्रणेवरच एक अवाढव्य प्रयोग करीत आहोत, असा त्यांचा आशय होता. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या प्रमुखाने हे इतक्या स्पष्टपणे तोवर क्वचितच सांगितले होते. क्रिस्पिन टिकेल या मुत्सद्द्याने त्यांच्या मनात हा विषय रुजवला होता, आणि अंटार्क्टिकावर ओझोनचा थर विरळ झाल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनीच १९८५ साली दाखवून दिले होते. पंधरवड्यानंतर ब्रायटनच्या पक्षपरिषदेत त्या म्हणाल्या की पृथ्वीची मालकी कोणत्याच पिढीकडे नाही. आपण हयातीपुरते भाडेकरू, आणि दुरुस्तीची सारी जबाबदारी आपल्यावर. चाळीत वाढलेल्या माणसाला हा दाखला चटकन पटतो. पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत त्यांनी हवामानाबद्दल करार व्हावा अशी मागणी केली. २५ मे १९९० रोजी ब्रॅकनेल येथे हॅडली केंद्राचे उद्घाटन केले. हवामानाच्या अभ्यासात ते केंद्र आजही अग्रगण्य आहे.

बाईंनी खाणी हवामानासाठी बंद केल्या, असे हल्ली काही भक्त सांगतात. ते खोटे आहे. क्रम पाहा: आधी संप मोडला, नंतर कर्बवायू आठवला. आमच्यातले काही उलट सांगतात, की हे सारे कोळसा-कामगारांवरचा सूड झाकण्याचे आणि अणुवीज पुढे रेटण्याचे ढोंग होते. अणुविजेचे प्रेम खरेच होते. पण ढोंग म्हणून कोणी हॅडली केंद्र उभारीत नाही. मला वाटते, रसायनशास्त्र शिकलेली बाई खरे बोलत होती आणि वाण्याच्या पेढीवर वाढलेली बाई हिशेब बाजारावर सोडून देत होती. दोघी एकाच देहात सुखाने नांदत होत्या. १९८८ च्या त्या भाषणाच्या वेळी पर्यावरणमंत्री कोण होते, ठाऊक आहे? टिपणवाले रिडली!

बाजारावर सोडले म्हणजे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. १९८९ च्या कायद्याने वीजधंदा खाजगी हाती देण्याचे ठरले. अणुवीज केंद्रे भांडवलवाल्यांना नको होती, म्हणून ती वगळली आणि त्यांच्यासाठी ग्राहकाच्या बिलावर सुमारे दहा टक्क्यांची पट्टी बसवली. तिचे बहुतेक उत्पन्न अणुविजेला गेले. उरलेल्या चिमूटभरातून कॉर्नवॉलमधील डेलाबोल येथे १९९१ च्या अखेरीस दहा पवनचक्क्या फिरू लागल्या. देशातील व्यापारी तत्त्वावरची ती पहिली पवनवीज. खाजगी कंपन्यांनी नैसर्गिक वायूची केंद्रे धडाधड उभारली, कारण ती स्वस्त आणि लवकर होत. वायूच्या विजेत कर्बवायू कोळशाच्या जवळपास निम्मा, त्यामुळे देशाचा आकडा खाली आला आणि पुढची सरकारे तो जगभर मिरवीत राहिली. १९९२ च्या ऑक्टोबरात हेझल्टाइन यांनी पन्नासांपैकी एकतीस खाणी आणि तीस हजार नोकऱ्या जाणार असे जाहीर केले. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असे आपल्याकडे म्हणतात. येथे शेगडीचे दहातले सात कोणाला आठवले नाहीत. खाणीभोवतीच्या गावांत दुसरा धंदा नव्हता. दुकान, क्लब, बँडपथक सारे त्या एका पगारावर चालत असे.

आणि दुसरीकडे काही करता येत नव्हते असे नाही. जर्मनीत कोल यांच्या ख्रिस्ती-लोकशाही पक्षाच्या राजवटीतच १९९० साली वारा, पाणी यांपासून वीज करणाऱ्या लहान उत्पादकाची वीज ठरल्या दराने विकत घेण्याची सक्ती वीजकंपन्यांवर झाली. बव्हेरियाचा एक रूढिप्रिय खासदार आणि एक हरितपक्षीय यांनी मिळून ते विधेयक पुढे ढकलले होते. तेथील शेवटची दगडी कोळशाची खोल खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बॉटट्रॉप येथे बंद झाली, ती अकरा वर्षे आधी ठरवून, सक्तीची कपात न करता. तेथे युनियन टेबलापाशी बसलेली होती.

थॅचरबाई २००२ च्या आपल्या पुस्तकात या विषयाबद्दल साशंक झाल्या. हवामानाच्या निमित्ताने जगभर समाजवाद आणला जाईल अशी धास्ती त्यांना वाटू लागली. पक्षही तसाच हेलकावे खात राहिला. २००८ चा हवामान कायदा मजूर पक्षाने आणला, तेव्हा हुजूर पक्षातून विरोध करणारे बोटांवर मोजण्याइतके होते. ऑस्बर्न यांनी २०१३ पासून कर्बवायूवर किमान किंमत लावली. २०१२ साली सुमारे चाळीस टक्के वीज देणारा कोळसा २०२० पर्यंत दोन टक्क्यांच्या आत-बाहेर आला. त्याच पक्षाने २०१५ साली इंग्लंडातील जमिनीवरच्या पवनचक्क्यांची वाट नियमांनी अडवली. मे-बाईंनी जून २०१९ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्याचे बंधन कायद्यात घातले. सुनक यांनी २०२३ मध्ये पेट्रोल-मोटारींची बंदी पाच वर्षे पुढे ढकलली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बेडनॉकबाईंनी सत्ता आल्यास २००८ चा कायदाच रद्द करण्याचे जाहीर केले. कारण सांगितले जाते वीजबिलाचे. बिलाची तक्रार खोटी नाही. गरिबाच्या घरी ती आधी पोहोचते. पण त्याच घरी १९५६ साली शेगडीचे पैसे पोहोचले होते, ही आठवण त्या पक्षाच्या कपाटात कोठेतरी असेल.

३० सप्टेंबर २०२४ ही तारीख मी माझ्या वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहे. त्या दिवशी नॉटिंगहॅमशायरात रॅटक्लिफ येथील वीजकेंद्र थांबले आणि १८८२ साली लंडनच्या हॉबर्न व्हायाडक्टवर सुरू झालेली कोळशाची सार्वजनिक वीज ब्रिटनमध्ये संपली. ज्या जिल्ह्याचे खाणकामगार १९८४ मध्ये कामावर जात राहिले, त्याच जिल्ह्यात. तेथे उरलेल्या सुमारे एकशेसत्तर माणसांना हा दिवस येणार हे काही वर्षे आधीपासून माहीत होते.

त्याच दिवशी वेल्समध्ये पोर्ट टॅलबॉट येथील शेवटची झोतभट्टी विझली. तो कारखाना टाटा स्टीलचा; म्हणजे त्याची मुख्य कचेरी आपल्या मुंबईत. तेथे आता विजेची भट्टी येणार आहे. त्यासाठी पन्नास कोटी पौंड देण्याचा करार सुनक यांच्या हुजूर सरकारने २०२३ साली केला होता. देशभरात मिळून दोन हजार आठशेपर्यंत नोकऱ्या जाणार असे नंतर सांगण्यात आले. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ येथून कोणी श्रोते आले असतील तर त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावे. त्या कराराची आणि शेगडीच्या कलमाची टिपणे मी बरोबर आणली आहेत.