पुन्हा दाखविलेले चित्र

फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग परिषद भरली. धाराशिव जिल्ह्यातील या गावात त्या आठवणी आजही सांगितल्या जातात. सांगणारा माणूस गेला, की एक पुरावा जातो. आपण जे जपत नाही, त्याचा अर्थ मग प्रस्थापित लावतात. म्हणूनच जुनी दृश्ये पुन्हा साक्षीला उभी करणारा चित्रपट हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

ही रीत नवी नाही. 1927 मध्ये रशियात एस्थर शुब यांनी झारच्या घरचीच चित्रफीत वापरून झारशाहीच्या पतनाचा चित्रपट रचला. मालकाचे चित्र मालकाविरुद्ध बोलू लागले.

आपल्याकडे आनंद पटवर्धन ओळखले जातात ते माहितीपटकार म्हणून. प्रयोगवादी म्हणून नव्हे. तरीही त्यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) याच अंगाने पाहावयास हवा. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त जमावावर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. 10 जण ठार झाले. 15 जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळी पट्टी बांधून मृत्यूला कवटाळले. हेच घोगरे पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (1985) मध्ये गाताना दिसले होते. ते चित्रण नव्या चित्रपटात परत येते. चेहरा तोच, आवाज तोच. 1985 मध्ये तो झोपडीवासीयांचा जिवंत आवाज होता. आता ऐकणाऱ्याला त्याचा शेवट ठाऊक आहे. चित्र बदललेले नाही, इतिहास बदलला आहे. पुनरावृत्तीचे सामर्थ्य ते हेच.

जलसा ऐकत वाढलेल्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. प्रत्येक कडव्यानंतर तेच धृपद येते; पण मधल्या कडव्याने त्याचा अर्थ वाढविलेला असतो.

एक प्रश्न मात्र उरतोच : कॅमेरा कोणाच्या हातात होता? घोगरे यांचा आवाज टिकला, कारण दुसऱ्या कुणी तो टिपला आणि जपला. नामांतराच्या लढ्यातील आपल्या किती शाहिरांच्या वाट्याला हे आले? जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी घरोघरच्या जुन्या कॅसेटी, छायाचित्रे, जयंतीच्या चित्रफिती आता गोळा कराव्यात. त्यांवर गाव, तारीख आणि माणसांची नावे लिहावीत. उद्याच्या उलटतपासणीत साक्षीदार आपले असले पाहिजेत.