संगणक-प्रक्रियक शीतक

संगणक-प्रक्रियक शीतक : प्रक्रियकात खर्ची पडणारी विद्युत्-शक्ती जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते; नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर साचणारी ही उष्णता वेळीच भोवतालच्या हवेत सोडून देण्याची तजवीज करणारे साधन. बाजारात त्याला ‘सीपीयू कूलर’ म्हणतात. आरंभीच्या घरगुती संगणकांना त्याची गरज नव्हती. इंटेलच्या ८०४८६ (१९८९) या प्रक्रियकाच्या वेगवान आवृत्त्यांपासून धातूचा हीटसिंक आणि पेंटियमपासून (१९९३) त्यावर पंखा, अशी जोडी रूढ झाली.

रचना : प्रक्रियकाच्या झाकणाचा आणि शीतकाच्या बैठकीचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केला, तरी दोहोंमध्ये सूक्ष्म पोकळ्या उरतात आणि त्यांत अडकलेली हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक असते, म्हणून तेथे थर्मल पेस्टचा पातळ लेप देतात. हा लेप धातूच्या मानाने बराच कमी वाहक असल्याने तो जाड झाला, तर उपकाराऐवजी अपकारच करतो. बैठक तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची असते. तांब्याची उष्णतावाहकता अॅल्युमिनियमच्या पावणेदोन पटींच्या आसपास असली, तरी वजन आणि किंमत यांमुळे हवेत उष्णता सोडणाऱ्या पत्र्यांच्या पाकळ्या बहुधा अॅल्युमिनियमच्याच करतात. मोठ्या शीतकांत बैठकीपासून पाकळ्यांपर्यंत उष्णतानलिका नेलेल्या असतात. ही नलिका म्हणजे हवा काढून घेतलेली, आत थोडेसे पाणी असलेली, आतल्या भिंतीस सच्छिद्र तांब्याचे अस्तर लावून दोन्ही टोके बंद केलेली तांब्याची नळी. दाब अल्प असल्यामुळे पाणी कमी तापमानालाच बाष्प होते, थंड टोकाशी सांद्रित होऊन उष्णता सोडते आणि अस्तरातून केशाकर्षणाने परत येते. एकही हलता भाग नसताना हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते, हे या सबंध यंत्ररचनेतील सर्वांत सुंदर अंग होय. १९६३ मध्ये अमेरिकेतील लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नलिका प्रत्यक्षात आणली. शेवटचे काम पंख्याचे. तो बहुधा १२ व्होल्टवर चालतो आणि त्याचा वेग तापमानानुसार आपोआप कमीजास्त होतो.

उष्णरोध आणि वऱ्हाडचा उन्हाळा : शीतकाची योग्यता त्याच्या उष्णरोधावरून, म्हणजे दर वॅटमागे प्रक्रियक भोवतालच्या हवेहून किती अंश तापतो यावरून ठरते. दर वॅटला ०.४ अंश सेल्सिअस उष्णरोध असलेला शीतक ६५ वॅटच्या प्रक्रियकास भोवतालच्या हवेपेक्षा २६ अंश वर ठेवील. खोली २४ अंशांची असेल, तर प्रक्रियक ५० वर. परंतु वऱ्हाडातील मेळघाटात, धारणीच्या एखाद्या कचेरीत, मे महिन्याच्या दुपारी खोली ४२ अंशांवर गेली, तर तोच प्रक्रियक ६८ वर पोहोचतो, आणि पेटीतील कोंडलेली हवा त्यात आणखी भर घालते. वाऱ्यावर चालणारा कोणताही शीतक प्रक्रियकास भोवतालच्या हवेहून थंड करू शकत नाही. मेळघाटातच चिखलदऱ्याच्या पठारावर हेच यंत्र निवांत चालेल आणि खाली धारणीच्या सखल मुलुखात धापा टाकील. प्रक्रियकाचे तापमान साधारणतः शंभर अंशांजवळ गेले, की तो स्वतःच वेग कमी करतो. सातबाऱ्याचा उतारा निघण्यास दुपारी विलंब लागला, तर त्याचे एक कारण येथेही असू शकते. धारणी तालुक्यातील हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. अशा ठिकाणी पाठवावयाच्या यंत्रांचा शीतक पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीच्या हिशेबाने निवडणे हे प्रस्तुत लेखकाच्या मते अन्यायाचे आहे.

वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या जाळीतून पाणी झिरपविणारा वऱ्हाडी कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान पुष्कळ उतरवितो आणि त्याचा लाभ प्रक्रियकालाही मिळतो. प्रक्रियक हवेहून उष्णच असल्याने त्यावर दव धरत नाही. धोका असतो तो झोताबरोबर उडणाऱ्या क्षारयुक्त तुषारांचा, म्हणून संगणक झोताच्या समोर ठेवू नये. अकोला-अमरावतीच्या जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू पंख्याआडून पाकळ्यांवर साचतात आणि हवेची वाट बंद करतात. दाट पाकळ्यांपेक्षा विरळ पाकळ्यांचा शीतक तेथे अधिक टिकाऊ. सफाई करताना पंख्याची पाती बोटाने धरून मगच ब्लोअर मारावा.

द्रवशीतन : पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसविलेल्या सी-डॅकच्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात द्रव थेट प्रक्रियकावरील पट्टीतून वाहतो. पाण्याची उष्णताधारकता हवेच्या मानाने फार मोठी असल्याने दाटीने बसविलेल्या प्रक्रियकांना हाच मार्ग सोयीचा. घरगुती द्रवशीतकातही अखेर उष्णता सोडावयाची ती खोलीतील हवेतच, त्यामुळे धारणीच्या ४२ अंशांचा हिशेब त्यालाही चुकत नाही.