लायगो-इंडिया: औंढा नागनाथजवळची वेधशाळा नेमकं काय ऐकणार?

हिंगोली जिल्ह्याचं नाव राष्ट्रीय बातम्यांत आलं की ते बहुतेक वेळा हळदीमुळे, दुष्काळामुळे किंवा भूकंपाच्या धक्क्यामुळे येतं. गेल्या काही वर्षांत त्यात चौथं कारण वाढलं आहे, ते म्हणजे लायगो-इंडिया. मी मूळचा याच भागातला, त्यामुळे नातेवाइकांचे फोन ठरलेले असतात. "अरे, औंढ्याला ते काय अणुभट्टी होतीय म्हणं?" "जमिनीत बोगदा खणून स्फोट करणार का?" "आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील का?" या लेखात ही उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी: ही अणुभट्टी नाही. प्रकल्प केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे आहे, त्या पहिल्या नावामुळे गैरसमज होतो. इथे किरणोत्सर्ग नाही, स्फोट नाही आणि बोगदाही नाही. लायगो म्हणजे जमिनीवर इंग्रजी एल अक्षराच्या आकारात मांडलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. त्यांच्यातून लेझरचा प्रकाश जाऊन परत येतो आणि दोन्ही बाजूंच्या लांबीत किंचित जरी फरक पडला तरी तो पकडला जातो. यंत्र बाहेर काही सोडत नाही, फक्त ऐकत बसतं.

काय ऐकतं?

आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत आदळली की अवकाशातच लहरी उठतात. त्या पृथ्वीवरून जाताना प्रत्येक वस्तू एका दिशेने क्षणभर ताणली जाते आणि काटकोनातल्या दिशेने आकसते. आइनस्टाइनने हे १९१६ मध्ये कागदावर मांडलं होतं. ते प्रत्यक्ष मोजायला ९९ वर्षं लागली, कारण हा ताण भयंकर छोटा असतो. पहिल्या नोंदीच्या वेळी ४ किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाइतकी बदलली होती. केसाची जाडी वगैरे उपमा इथे उपयोगाच्या नाहीत, म्हणून देत नाही.

ती नोंद १४ सप्टेंबर २०१५ ची. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन केंद्रांनी सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने एकच खूण टिपली. सूर्याच्या अंदाजे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर एकत्र आली होती. उरलं ६२ पट वस्तुमान. मधले ३ सूर्य लहरींच्या ऊर्जेत गेले. घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली आणि पुढच्याच आठवड्यात, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. सरकारी कामात असा वेग क्वचितच दिसतो! नंतरची गती मात्र नेहमीची: सुमारे २,६०० कोटी रुपयांची पूर्ण मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडलं आणि ११ मे २०२३ ला दिल्लीतून दूरस्थ पद्धतीने पायाभरणी झाली. त्या मंजुरीच्या वेळी २०३० चं लक्ष्य सांगण्यात आलं होतं.

तिसरं यंत्र भारतात कसं आलं, हीसुद्धा एक कहाणीच आहे. त्याचे भाग मुळात हॅनफर्डलाच बसवायचे होते. मग ते दूरच्या खंडात न्यावं असं ठरलं आणि आधी ऑस्ट्रेलियाला विचारण्यात आलं. २०११ मध्ये त्यांचा नकार आला. भारतीय शास्त्रज्ञांनी २००९ मध्येच 'इंडिगो' नावाचा गट बांधला होता, ते तयारच होते. आता पुण्याचं आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा मिळून हे उभं करत आहेत.

खरं अवघड काम: नळी

मला विचाराल तर लायगोतलं सगळ्यात थक्क करणारं यंत्र लेझर नाही, रिकामी नळी आहे. स्टेनलेस स्टीलची, सुमारे १.२ मीटर व्यासाची, पण पत्रा जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा. लांब पट्टी गोल गुंडाळून तिचा सांधा वळणावळणाने वेल्ड करतात. आत हवा राहिली तर तिचे रेणू लेझरला धक्के देतात, म्हणून हवा जवळपास पूर्ण काढावी लागते. उरणारा दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागाइतका. अमेरिकेतल्या केंद्रात सुमारे १०,००० घनमीटर हवा उपसायला ४० दिवस लागले. त्याआधी नळ्या १५० ते १७० अंशांपर्यंत महिनाभर तापवाव्या लागल्या, कारण स्टीलच्या पोटात अडकलेला वायू हळूहळू बाहेर येत राहतो. ४ किलोमीटर वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं, तरी सगळं मुसळ केरात.

आणखी एक गंमत. ४ किलोमीटरवर पृथ्वीची गोलाई सव्वा मीटरने खाली झुकते. प्रकाश मात्र सरळच जातो. त्यामुळे नळी 'जमिनीला समांतर' टाकून चालत नाही, ती खऱ्या अर्थाने सरळ टाकावी लागते आणि भराव, पाया, काँक्रीट त्या हिशेबाने घ्यावं लागतं. आपल्या काळ्या मातीत पाया घेणाऱ्या कोणत्याही गवंड्याला विचारा: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून खाली बसाल्टचा खडक कुठे, किती खोल, हे इथे फार महत्त्वाचं ठरतं.

नळीच्या टोकांना आरसे असतात. ४० किलो वजनाचे, ३४ सेंटिमीटर व्यासाचे, शुद्ध सिलिका काचेचे. ते एकाखाली एक अशा चार लोलकांच्या शेवटी, काचेच्याच तंतूंवर टांगलेले असतात. झोपाळ्याची दोरी जोरात आणि घाईघाईने हलवून पाहा, खालची फळी जागची फारशी हलत नाही. तेच तत्त्व, चार वेळा वापरलेलं. शिवाय खाली जमिनीची थरथर मोजून तिच्या उलट ढकलणारी यंत्रणा असते. आणि प्रकाश दोन आरशांमध्ये सुमारे ३०० फेऱ्या मारतो, त्यामुळे ४ किलोमीटरची नळी १,२०० किलोमीटरची असल्यासारखी वागते.

मग भूकंपाचं काय?

हा प्रश्न योग्य आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीत दहा-बारा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. १० जुलैला पुन्हा ४.५. नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. किल्लारीचा १९९३ चा सप्टेंबर ज्यांनी पाहिला, त्यांना अशा सकाळी काय वाटतं हे वेगळं सांगायला नको.

यंत्रापुरतं बोलायचं तर दोन गोष्टी वेगळ्या करा. एक म्हणजे इमारत आणि नळी टिकणं. तो संरचना अभियांत्रिकीचा विषय आहे, त्या भागाचा भूकंपाचा हिशेब धरून बांधकामाचा आराखडा करायचा असतो. दुसरी म्हणजे निरीक्षण चालू राहणं. लायगोचे आरसे एका ठरावीक स्थितीत 'कुलूपबंद' ठेवलेले असतात. हजारो किलोमीटर दूर मोठा भूकंप झाला तरी हे कुलूप सुटतं आणि परत बसवायला वेळ जातो. म्हणून जगभरच्या भूकंपमापकांकडून आधी इशारा घेऊन यंत्र सावध करण्याची पद्धत अमेरिकेत वापरली जाते. जवळच्या छोट्या धक्क्यांनी तेवढा वेळ वाया जाईल. उलट, एवढी संवेदनशील यंत्रं जिल्ह्यात बसल्यावर जमिनीच्या हालचालींची जी नोंद जमेल, ती इथल्या भूकंपांच्या अभ्यासाला नक्कीच वापरली जावी. तशी सोय सुरुवातीपासून ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि लायगोमुळे भूकंप होतो का? नाही. जमीन हलली तर त्रास त्यालाच होतो.

रोजचा त्रास तर बारीकसारीक गोष्टींचा असतो. ट्रकची वर्दळ, रेल्वे, खडी फोडणारे क्रशर, अगदी दूरच्या समुद्राच्या लाटासुद्धा. हॅनफर्डला एकदा विचित्र खुणा येऊ लागल्या. शोध घेतला तर डोमकावळे थंडगार पाइपवर साचलेला बर्फ चोचीने टोचत होते! त्यामुळे औंढ्याच्या आसपास पुढे कुठे खाण, क्रशर किंवा मोठा कारखाना असावा यावर बंधनं येणार, हे गावांना आधी आणि मराठीत समजावून सांगायला हवं.

गोंगाटातून सूर ओळखणं

महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत उभे राहा. भोंगे, पाळणे, माणसं, सगळा कल्ला. तरी दूर कुठे हलगी वाजली की आपल्याला ती ओळखू येते, कारण तिचा ठेका डोक्यात आधीपासून असतो. लायगोची माहिती तपासण्याची मुख्य पद्धत हीच. सेकंदाला १६,३८४ वेळा मोजलेली आकड्यांची रांग आणि तिच्यावर सरकवून पाहायचे आधी गणिताने तयार केलेले ठेके. पहिल्या शोधात असे अडीच लाखांच्या आसपास साचे वापरले होते. या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी यावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून काम केलं, जेव्हा अशी लहर कधी सापडेल यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. लहरीचा आकार आधी काढावा लागतो, त्या कामात बंगळुरूचे बाला अय्यर होते. आणि कृष्णविवर धक्का बसल्यावर घंटेसारखं कसं घुमत शांत होतं, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं.

मजा म्हणजे २०१५ ची पहिली सूचना साचे न वापरणाऱ्या प्रोग्रामने दिली, साच्यांनी नंतर खात्री पटवली. सूचना पाहून अनेकांना आधी वाटलं, ही आपलीच परीक्षा असेल. कारण २०१० मध्ये मोजक्या लोकांनी मुद्दाम खोटी खूण यंत्रात घातली होती. बाकी सगळ्यांनी महिनोन्महिने तपास करून शोधनिबंधही तयार केला आणि मग पाकीट उघडून सांगण्यात आलं की हे खोटं होतं. इतकी कठोर शिस्त मला इतर क्षेत्रांतही हवीशी वाटते.

मग हिंगोलीची गरज काय? दिशा कळण्यासाठी. एका कानाने आवाज कुठून आला ते समजत नाही. लहर प्रकाशाच्या वेगाने येते, म्हणून पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन केंद्रांत फरक ४३ मिलिसेकंदांहून कमीच असतो, आणि त्या फरकावरूनच दिशा काढायची. केंद्रं जितकी दूर, तितकी दिशा अचूक. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा इटलीतल्या व्हर्गो केंद्राच्या मदतीने आकाशाचा छोटा तुकडा ठरवता आला आणि दुर्बिणींनी काही तासांत १३ कोटी प्रकाशवर्षांवरची ती दीर्घिका गाठली. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत बनतात, याचा भक्कम पुरावा तिथे मिळाला. पृथ्वीच्या या बाजूला औंढ्याचा कान लागला की असे शोध नशिबावर कमी अवलंबून राहतील.

दवाखान्याशी काय संबंध?

इथे मी मुद्दाम थांबतो, कारण "याचा माणसाला उपयोग काय" हा प्रश्न हमखास येतो. ग्लासगोमध्ये गुरुत्वीय लहरींच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना नॅनोमीटरएवढी हालचाल मोजता येत होती. पेशींवर काम करणाऱ्यांनी ती विद्या उसनी घेतली. अस्थिमज्जेतल्या मूळपेशींना सेकंदाला हजार वेळा, काही दशक नॅनोमीटर इतकंच हलवलं तर त्या हाडाच्या पेशी बनू लागतात, हे त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. हे अजून संशोधन आहे, उद्या जिल्हा रुग्णालयात मिळेल असा उपचार नव्हे. पण डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारं ओसीटी मशीन तर आज सगळीकडे आहे, आणि तेही प्रकाशाचे दोन भाग करून परत जुळवण्याच्या याच जुन्या युक्तीवर चालतं. मधुमेह असलेल्या तुमच्या घरच्या कुणाची ती तपासणी झालीही असेल.

नोकऱ्या आणि आपली पोरं

मामांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. हा साखर कारखाना नाही, हजारोंची भरती होणार नाही. बांधकामाच्या काळात काम मिळेल, पुढे वेल्डिंग, निर्वात पंप, वीज, वातानुकूलन आणि संगणक सांभाळणारी कुशल माणसं लागतील. ती नांदेड-हिंगोलीच्या आयटीआयमधून यावीत की बाहेरून आणावी लागावीत, हे आत्ताच्या शिकवणीवर ठरेल.

तोपर्यंत हातात मोबाइल असलेल्या मुलाला एक काम लगेच देता येतं. लायगोची मोजमापं ठरावीक काळानंतर सगळ्यांसाठी मोफत खुली होतात. 'ग्रॅव्हिटी स्पाय' नावाच्या प्रकल्पात २०१६ पासून सामान्य लोक यंत्रातल्या गोंगाटाची चित्रं पाहून त्यांची वर्गवारी करतात. पदवी लागत नाही. इंग्रजी थोडं लागतं, पण चित्रं ओळखायला नजर पुरते. आयुकाचा परिसरही दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनानिमित्त लोकांसाठी खुला होतो. औंढ्याहून पुण्याला रात्रीच्या गाडीने निघालं तर सकाळी पोहोचता येतं, शाळेने एकदा सहल काढून पाहावी.