फांशाची साक्ष

एक शक्यता खोटी ठरली कीं आपलीच समजूत खरी ठरली, असें मानण्याची मनुष्याला जुनी खोड आहे. संख्याशास्त्राच्या इतिहासांत हिचें एक बोधप्रद उदाहरण आरंभींच सांपडतें.

इंग्लंडच्या अ‍ॅन राणीचे वैद्य डॉ. जॉन आर्बथनॉट यांचा एक निबंध रॉयल सोसायटीच्या १७१० सालच्या नियतकालिकांत आला. लंडनमधील १६२९ ते १७१० पर्यंतच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी त्यांनीं तपासल्या होत्या. पहिल्या वर्षीं मुलगे ५२१८ व मुली ४६८३. शेवटच्या वर्षीं ७६४० व ७२८८. मधल्या एकाहि वर्षीं मुली अधिक नव्हत्या! मुलगा किंवा मुलगी होणें हें नाणें उडविण्यासारखें समसमान असेल, तर ८२ वर्षें सतत मुलग्यांचेंच पारडें जड राहण्याचा संभव किती? एकावर चोवीस शून्यें मांडून होणाऱ्या संख्येच्या जवळजवळ पांचपटींत एक!

कसोटीला लावलेल्या अशा गृहीताला रोनाल्ड फिशर यांनीं १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत 'शून्य परिकल्पना' हें नांव दिलें. आर्बथनॉट यांनीं ती त्याज्य ठरविली, हें योग्यच झालें. परंतु ते तेथें थांबले नाहींत. बाहेरच्या संकटांत पुरुष अधिक मरतात, म्हणून ईश्वरानेंच मुलगे अधिक निर्माण केले. सबब बहुपत्नीकत्व सृष्टिनियमाविरुद्ध आहे, येथवर त्यांची मजल गेली.

यावर निकोलस बर्नुली या गणितज्ञांनीं मार्मिक उत्तर दिलें. पस्तीस बाजूंचा फांसा कल्पावा. अठरा बाजूंवर मुलगा, सतरांवर मुलगी. असा फांसा टाकीत गेल्यास लंडनचे आंकडे सहज जुळतात. म्हणजे खोटी ठरली ती समसमानता, यदृच्छा नव्हे. ईश्वराविषयीं तर त्या गणितानें होकारहि दिला नव्हता आणि नकारहि नाहीं.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. ती अतिसूक्ष्म संख्या परिकल्पना खरी असण्याचा संभव सांगत नाहीं. परिकल्पना खरी धरल्यास असे आंकडे मिळण्याचा संभव सांगते. या दोहोंची गल्लत आजहि सुशिक्षितांकडून होते. नव्या औषधाचा गुण केवळ योगायोगाचा नसावा, असें गणितानें दाखविलें, तरी तो गुण औषधाचा, शुश्रूषेचा कीं रोग्यांच्या निवडीचा, हें निराळें शोधावेंच लागतें. आरोपी सुटला म्हणजे शेजारी गुन्हेगार ठरत नाहीं. तसाच न्याय येथेंहि आहे.