चायनाटाऊनमधला खून, चुकीचा आरोपी आणि एका पत्रकाराचा पाच वर्षांचा पाठपुरावा

तारीख ३ जून १९७३. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाऊन. रविवारची संध्याकाळ, रस्त्यावर पर्यटकांची गर्दी आणि त्या गर्दीत, भर चौकात यिप यी टाक नावाच्या माणसावर गोळ्या झाडल्या गेल्या. हा माणूस 'वा चिंग' या चिनी टोळीचा सल्लागार होता. मारेकरी पळाला आणि पळताना रिव्हॉल्व्हर गल्लीत टाकून गेला.

चारच दिवसांत पोलिसांनी आरोपी पकडला. नाव चोल सू ली, वय २० वर्षं. वर्षभरात त्याला जन्मठेप झाली आणि प्रकरण मिटलं.

पण ते खरंच मिटलं होतं का? हा प्रश्न विचारला सॅक्रामेंटो नावाच्या दुसऱ्याच शहरातल्या एका पत्रकाराने. त्याचंही आडनाव ली होतं, पण आरोपीशी त्याचं काहीच नातं नव्हतं. अमेरिकेतल्या आशियाई लोकांच्या इतिहासात हे प्रकरण आजही का सांगितलं जातं, ते समजून घेऊ.

चोल सू ली कोण होता?

चोल सूचा जन्म १९५२ साली सोलमध्ये झाला. कोरियन युद्ध तेव्हा चालूच होतं. आईने एका अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं, ती अमेरिकेत गेली आणि १९६४ मध्ये १२ वर्षांचा चोल सू तिच्याकडे आला.

त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत कोरियन बोलणारं कुणी नव्हतं. आशियाई देशांतून अमेरिकेत जायची दारं खऱ्या अर्थाने उघडली ती १९६५ च्या कायद्याने. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे गेले तेही त्यानंतरच. चोल सू गेला तेव्हा तिथे कोरियन वस्ती अशी जवळपास नव्हतीच.

शाळेत भांडणं झाली. त्याचं म्हणणं कुणाला कळेना आणि त्याला समोरच्याचं कळेना. मग बालसुधारगृह आणि पुढे चक्क मनोरुग्णालय. मुलाला भाषेची अडचण आहे की मानसिक आजार, यातला फरक कुणी नीट तपासला नाही. मोठा झाल्यावर तो चायनाटाऊनच्या आसपास फिरून मिळेल ते काम करू लागला.

पोलिसांना तो कसा सापडला?

त्या काळात चायनाटाऊनमध्ये टोळीयुद्ध पेटलं होतं. एकामागून एक खून पडत होते आणि साक्ष द्यायला स्थानिक चिनी माणूस पुढे येत नव्हता. टोळीची भीती होती, पोलिसांवर विश्वास नव्हता. वरून मात्र पोलिसांवर जबरदस्त दबाव होता.

खुनाच्या आदल्या दिवशी चोल सूच्या खोलीत एका पिस्तुलातून चुकून गोळी सुटली होती. पोलीस आले, गोळी जप्त झाली. ही गोळी आणि खुनातलं हत्यार जुळतं, असा पहिला अहवाल आला आणि त्यावरून त्याला अटक झाली. पुढच्या तपासणीत मात्र ते जुळत नाही असं निघालं. म्हणजे ज्या धाग्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले, तो धागाच खोटा होता.

मग उरलं काय? ओळख परेड. साक्षीदार होते बाहेरगावचे गोरे पर्यटक. त्यांनी मारेकऱ्याला काही क्षण, तेही गोंधळात पाहिलेलं. सुरुवातीच्या वर्णनातला मारेकरी चोल सूपेक्षा उंच होता. तरीही त्यांनी बोट दाखवलं ते चोल सूकडेच.

इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. दुसऱ्या वंशाच्या माणसाचा चेहरा ओळखताना आपण जास्त चुका करतो, हे मानसशास्त्रात अनेक प्रयोगांतून दिसलं आहे. साक्षीदार खोटं बोलत असतो असं नाही. त्याला स्वतःला पक्की खात्री असते, म्हणून तर ज्युरीही त्याच्यावर विश्वास ठेवते.

खटला सॅन फ्रान्सिस्कोहून सॅक्रामेंटोला हलवला गेला. जून १९७४ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं.

के. डब्ल्यू. ली कोण होते?

क्युंग वोन उर्फ के. डब्ल्यू. ली यांचा जन्म १९२८ सालचा, कोरियातल्या केसाँगचा. १९५० मध्ये ते शिकायला अमेरिकेत गेले आणि पत्रकारितेत शिरले. मोठ्या शहराचा मोठा पेपर त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांनी सुरुवात केली टेनेसी राज्यातल्या किंग्सपोर्ट या छोट्या गावातल्या पेपरात. नंतर बरीच वर्षं वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनमध्ये. तिथे त्यांनी खाण कामगारांचे हाल आणि निवडणुकीतला भ्रष्टाचार यांवर बातम्या केल्या. गावोगाव जायचं, लोकांशी बोलायचं, सरकारी कागद उघडून बघायचे. हीच त्यांची शाळा.

१९७० मध्ये ते 'सॅक्रामेंटो युनियन' या दैनिकात आले. १९७७ च्या सुमारास त्यांच्या कानावर आलं, की एक कोरियन पोरगा न केलेल्या खुनासाठी तुरुंगात आहे.

मग त्यांनी काय केलं?

तेव्हाच परिस्थिती आणखी बिघडली. चोल सूला ट्रेसी इथल्या तुरुंगात ठेवलं होतं. तिथे वंशावरून बांधलेल्या टोळ्यांचं राज्य होतं. ऑक्टोबर १९७७ मध्ये मैदानात त्याची एका गोऱ्या कैद्याशी झटापट झाली आणि त्यात तो कैदी मेला. आपण जीव वाचवण्यासाठी वार केला, असं चोल सूचं म्हणणं होतं.

पण कायद्याच्या नजरेत हा 'दुसरा' खून होता आणि आधी खुनाची शिक्षा झालेल्या माणसाला कॅलिफोर्नियात मृत्युदंड होऊ शकत होता. थोडक्यात, पहिला निकाल चुकीचा असेल तर त्याच चुकीमुळे आता त्याचा जीव जाणार होता.

के. डब्ल्यू. ली यांनी काही महिने नुसते कागद वाचले. पोलीस अहवाल, खटल्याच्या नोंदी, साक्षीदारांची सुरुवातीची वर्णनं. ते तुरुंगात जाऊन चोल सूला भेटले, चायनाटाऊनमध्ये फिरले. त्यांना एक साधी गोष्ट खटकली. चिनी टोळ्यांच्या आतल्या भांडणात, चिनी भाषा धड न येणारा कोरियन पोरगा सुपारी घेईल कसा? ज्यांना हे विचारायला हवं होतं, त्यांच्या लेखी चिनी काय आणि कोरियन काय, सारखेच.

जानेवारी १९७८ मध्ये त्यांची पहिली लेखमाला छापून आली. पुढच्या पाच वर्षांत या एका प्रकरणावर त्यांनी शंभराहून जास्त बातम्या आणि लेख लिहिले.

बातमीची चळवळ कशी झाली?

चोल सूची एक मैत्रीण होती, रांको यामादा. जपानी वंशाची, शिकणारी मुलगी. तो निर्दोष आहे हे ती सुरुवातीपासून सांगत होती, पण ऐकणारं कुणी नव्हतं. याच प्रकरणामुळे पुढे ती वकील झाली. आता लेखांमुळे लोक ऐकू लागले.

बचाव समिती स्थापन झाली. कोरियन चर्चमधल्या आजीबाई आणि कॉलेजची पोरं एकाच सभेत बसू लागली. कोरियन, जपानी, चिनी, फिलिपिनो असे एरवी आपापल्या वस्तीत राहणारे लोक वर्गणी काढू लागले. जेफ अदाची नावाच्या विद्यार्थ्याने चोल सूवर गाणं तयार केलं. हाच अदाची पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा पब्लिक डिफेंडर, म्हणजे गरीब आरोपींचा सरकारी खर्चाने बचाव करणाऱ्या कार्यालयाचा निवडून आलेला प्रमुख झाला.

कोर्टात काय झालं?

समितीच्या वकिलांनी हेबिअस कॉर्पस अर्ज केला. हा शब्द आपल्याला राज्यघटनेतल्या रिट अधिकारांमुळे माहीत आहे. एखाद्याला बेकायदा डांबून ठेवलं असेल तर कोर्टाने त्याची तपासणी करावी, असा तो अर्ज.

तेव्हा समोर आलं, की खुनानंतर आणखी एका प्रत्यक्षदर्शीने पोलिसांशी संपर्क केला होता. मारेकरी चोल सू नव्हता, असं त्याचं म्हणणं. ही माहिती बचाव पक्षाला मिळालीच नव्हती. आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकारी पक्षाने दडवता कामा नये, हे तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्येच ब्रेडी खटल्यात सांगितलं होतं.

फेब्रुवारी १९७९ मध्ये न्यायाधीश लॉरेन्स कार्लटन यांनी जुनी शिक्षा रद्द करून नव्या खटल्याचा मार्ग मोकळा केला. पण सरकार अपिलात गेलं. तुरुंगातल्या खुनाचा खटलाही थांबला नाही. त्याच वर्षी त्यात मृत्युदंड झाला आणि चोल सूची रवानगी सॅन क्वेंटिनमध्ये झाली.

पुढचा क्रम असा:

- सप्टेंबर १९८२ : चायनाटाऊन खुनाच्या फेरखटल्यात ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. स्टुअर्ट हॅनलन आणि टोनी सेरा हे त्याचे वकील होते.
- जानेवारी १९८३ : मृत्युदंड रद्द झाला.
- मार्च १९८३ : तो जामिनावर बाहेर आला.
- ऑगस्ट १९८३ : तुरुंगातल्या प्रकरणात तडजोड झाली. कमी गंभीर आरोप कबूल केला आणि भोगलेली कैद हीच शिक्षा धरली गेली.

वयाची विशी ओलांडायच्या आत अटक झालेला पोरगा तिशीत बाहेर पडला. जवळपास दहा वर्षं गेली.

सुटकेनंतर सगळं ठीक झालं का?

नाही, आणि हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

चोल सू एका रात्रीत समाजाचा हिरो झाला होता. पण दहा वर्षं फक्त जिवंत राहायला शिकलेल्या माणसाला साधी नोकरी टिकवणं जमेना. तो व्यसनात अडकला, पुन्हा तुरुंगात गेला. १९९१ मध्ये पैशासाठी एका घराला आग लावताना तो स्वतःच भयंकर भाजला. नंतर त्याने तपास यंत्रणांना मदत केली आणि काही काळ ओळख लपवून जगला. शेवटच्या वर्षांत तो विद्यार्थ्यांसमोर बोलायचा. ज्यांनी आपल्यासाठी जीव ओतला त्यांना आपण निराश केलं, ही बोच त्याने कधी लपवली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये, ६२ व्या वर्षी तो गेला.

१९८९ मध्ये या प्रकरणावरून सुचलेला 'ट्रू बिलिव्हर' हा हॉलिवूडपट आला. त्यात हिरो होता गोरा वकील. पत्रकार ली आणि वर्गणी काढणाऱ्या आजीबाई त्यात नव्हत्याच. ती कसर २०२२ च्या 'फ्री चोल सू ली' या माहितीपटाने भरून काढली. ज्युली हा आणि युजीन यी या कोरियन-अमेरिकन दिग्दर्शकांनी तो बनवला आहे.

के. डब्ल्यू. ली यांचं मार्च २०२५ मध्ये, ९६ व्या वर्षी निधन झालं. त्यांनी खरा मारेकरी शोधला नाही. यिप यी टाकला कुणी मारलं याबद्दल आजही कुणाला शिक्षा झालेली नाही. ली यांनी केलं ते एवढंच, की ज्या फाइलवर 'निकाली' असा शिक्का बसला होता ती पुन्हा उघडून पहिल्या पानापासून वाचली.